मोरचूद हवेत फुलतं का? पाठ्यपुस्तकातल्या एका तक्त्याची उलटतपासणी

अकार्बनी रसायनशास्त्राच्या जवळपास प्रत्येक पुस्तकात एक तक्ता असतो. तीन रकाने. पहिला: हवेत ठेवले की पाणी गमावून भुकटी होणारे क्षार, म्हणजे उत्फुल्लनशील. यात धुण्याचा सोडा, ग्लॉबर सॉल्ट वगैरे. दुसरा: हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळणारे, म्हणजे चिघळणारे. यात कॅल्शियम क्लोराइड, मॅग्नेशियम क्लोराइड. तिसरा: नुसते ओलावा शोषणारे. बारावीला हा तक्ता पाठ करायचा, बीएस्सीला परत करायचा, आणि सेट-नेटच्या तयारीत ‘हा तर सोपा टॉपिक’ म्हणून पान उलटायचं.

आज मला या तक्त्यावर टीका करायची आहे. तक्त्यात चूक माहिती आहे असं माझं म्हणणं नाही. माझा आक्षेप वेगळा आहे: तो एका चुकीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. आणि तुम्ही संशोधनात येणार असाल तर हा चुकीचा प्रश्न तुमच्याबरोबर लॅबमध्ये येतो, वजनकाट्यावर बसतो आणि शेवटी थीसिसच्या आकड्यांत उतरतो.

पहिला आक्षेप: ‘हवा’ म्हणजे कुठली हवा?

‘धुण्याचा सोडा हवेत फुलतो’ हे वाक्य बघा. यात सोड्याबद्दल बोललंय, हवेबद्दल काहीच नाही. जणू हवा सगळीकडे सारखीच असते. मे महिन्यातल्या दुपारी नागपूरची हवा आणि जुलैत मुंबईची हवा यांना आपण एकच शब्द वापरतो, पण क्षाराच्या दृष्टीनं ती दोन वेगळी रसायनं आहेत.

थोडे आकडे घेऊ. २५ अंश सेल्सिअसला पाण्याचा संपृक्त बाष्पदाब सुमारे २३.८ मिमी पारा असतो. मोरचुदाचं पेंटाहायड्रेट (५ रेणू पाणी) आणि ट्रायहायड्रेट (३ रेणू पाणी) एकत्र असताना त्यांच्यावर जो पाण्याचा बाष्पदाब टिकतो तो त्याच तापमानाला सुमारे ७.८ मिमी. भागाकार करा: ३३ टक्के. म्हणजे २५ अंशांना हवेची सापेक्ष आर्द्रता ३३ टक्क्यांच्या खाली गेली तरच पेंटाहायड्रेटला पाणी सोडायचं कारण आहे. त्याच्या वर, थेट ९५ टक्क्यांच्या पुढेपर्यंत, ते ना फुलतं ना चिघळतं. म्हणूनच काही पुस्तकांत मोरचूद उत्फुल्लनशील यादीत असतं आणि काहींत नसतं. दोन्ही लेखक आपापल्या खोलीपुरते बरोबर आहेत.

चिघळण्याचंही तसंच. प्रत्येक विद्राव्य क्षाराची चिघळायला लागण्याची एक आर्द्रता असते. ती म्हणजे त्या क्षाराच्या संपृक्त द्रावणावरच्या हवेची आर्द्रता. २५ अंशांना लिथियम क्लोराइडसाठी ती सुमारे ११ टक्के, कॅल्शियम क्लोराइडसाठी २९ च्या आसपास, मॅग्नेशियम क्लोराइडसाठी ३३, पोटॅशियम कार्बोनेटसाठी ४३, साध्या सोडियम क्लोराइडसाठी ७५, पोटॅशियम क्लोराइडसाठी ८४ आणि पोटॅशियम सल्फेटसाठी ९७. या ओळीत कुठेही नैसर्गिक रेघ नाही, की जिच्या अलीकडचे ‘चिघळणारे’ आणि पलीकडचे ‘न चिघळणारे’. ती रेघ लेखकाच्या खिडकीबाहेरचं हवामान ओढतं.

याचं घरगुती उदाहरण म्हणजे पावसाळ्यात पाणी सुटणारं मीठ. पुस्तकी उत्तर: शुद्ध मीठ चिघळत नाही, मॅग्नेशियम क्लोराइडच्या भेसळीमुळे पाणी सुटतं. हे अर्धं बरोबर आहे. ५० टक्के आर्द्रतेत शुद्ध मीठ कोरडं राहील आणि खडेमीठ ओलसर होईल, कारण मिश्रणातला थोडासा भाग फार खालच्या आर्द्रतेलाच द्रव होतो. पण जुलैतल्या मुंबईत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा कितीही शुद्ध केलेलं सोडियम क्लोराइडही चिघळणारच. त्याची रेघ ७५ ला आहे. तिथे सगळा दोष भेसळीवर टाकणं म्हणजे हवेला निर्दोष सोडणं.

दुसरा आक्षेप: एकट्या हायड्रेटला बाष्पदाब नसतो

आता जरा बारीक मुद्दा. पण हाच कळला तर पुढचं सगळं सोपं होतं, तेव्हा पळू नका.

पुस्तकातलं स्पष्टीकरण असं असतं: ‘हायड्रेटचा बाष्पदाब हवेतल्या बाष्पदाबापेक्षा जास्त असेल तर तो फुलतो.’ वाचायला चोख. पण कुठल्या हायड्रेटचा बाष्पदाब? शुद्ध, अखंड पेंटाहायड्रेटला स्वतःचा असा एक ठरावीक बाष्पदाब नसतोच.

गिब्जचा प्रावस्था नियम आठवा: स्वातंत्र्यमात्रा = घटक − प्रावस्था + २. इथे घटक दोन, कॉपर सल्फेट आणि पाणी. भांड्यात फक्त पेंटाहायड्रेट आणि बाष्प असेल तर प्रावस्था दोन, स्वातंत्र्यमात्रा दोन. म्हणजे तापमान ठरवलंत तरी दाब मोकळाच राहतो. एका पट्ट्यात तो काहीही असू शकतो. त्यात ट्रायहायड्रेटचा एक कण जरी तयार झाला, तर प्रावस्था तीन होतात, स्वातंत्र्यमात्रा एक, आणि तापमान ठरलं की दाब ठरला: २५ अंशांना ७.८ मिमी. ट्राय आणि मोनोहायड्रेटची जोडी असेल तर ५.६. मोनो आणि निर्जल असेल तर साधारण ०.८.

म्हणजे दाब हा *जोडीचा* गुणधर्म आहे, एका क्षाराचा नाही. आपण ‘प्रावस्था नियम’ भौतिक रसायनशास्त्राच्या पेपरात शिकतो आणि ‘उत्फुल्लन’ अकार्बनीच्या पेपरात. दोघांची भेटच होत नाही. माझ्या मते हा या विषयाच्या शिकवण्यातला सगळ्यात मोठा दोष आहे, कारण नियम तुमच्याकडे आधीपासून असतो, फक्त तो इथे वापरायचा हे कुणी सांगत नाही.

यातून एक कामाची गोष्ट निघते. अर्धवट फुललेलं मोरचूद घट्ट बंद बाटलीत असेल, तर ते बाटलीतली आर्द्रता स्वतःच ३३ टक्क्यांवर धरून ठेवतं. १ लिटर रिकाम्या जागेसाठी त्याला जेमतेम ७-८ मिलिग्रॅम पाणी खर्चावं लागतं. थोडक्यात, बंद बाटली क्षार बिघडवत नाही. झाकण नीट न लावणं आणि ‘जरा वेळ’ उघडी ठेवणं बिघडवतं.

तिसरा आक्षेप: तापमान गायब

तक्त्यात तापमानाचा रकाना नसतो. असला तरी ‘कक्ष तापमान’. विदर्भ-मराठवाड्यात एसी नसलेल्या लॅबमध्ये मे महिन्यात कक्ष तापमान म्हणजे काय हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

समजा तापमान ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के. ४५ अंशांना संपृक्त बाष्पदाब सुमारे ७२ मिमी, म्हणून हवेतला प्रत्यक्ष बाष्पदाब १०.८ मिमी. आता एखादा हुशार विद्यार्थी २५ अंशांचा आकडा काढेल: ७.८. ‘१०.८ जास्त आहे, म्हणजे मोरचूद सुरक्षित!’ इथेच फसगत होते. कारण जोडीचा दाबही तापमानाबरोबर वाढतो. ५० अंशांना तो सुमारे ४७ मिमी असतो; २५ आणि ५० च्या आकड्यांवरून क्लॉसियस-क्लॅपेरॉन समीकरणानं ४५ अंशांचा काढला तर ३३-३४ मिमी येतो. हवेत आहेत फक्त १०.८. क्षार पाणी सोडणार.

आणखी पुढे जा. हाच उंबरठा सापेक्ष आर्द्रतेत मोजला तर २५ अंशांना ३३ टक्के, ४५ ला ४७ च्या आसपास, ५० ला ५१. उंबरठा वर का सरकतो? कारण स्फटिकजल द्रव पाण्यापेक्षा घट्ट बांधलेलं असतं. ते सोडवायला लागणारी उष्णता नुसत्या बाष्पीभवनाच्या उष्णतेपेक्षा जास्त, म्हणून तापमान वाढताना जोडीचा दाब पाण्याच्या संपृक्त दाबापेक्षा वेगानं चढतो. म्हणजे ‘४० टक्के आर्द्रतेत ठेवला होता’ हे वाक्य तापमानाशिवाय निरर्थक आहे. २५ अंशांना तिथे पेंटाहायड्रेट टिकतं, ४५ ला टिकत नाही.

धुण्याच्या सोड्याची गोष्ट तर याहून टोकाची. त्याचं डेकाहायड्रेट (१० रेणू पाणी) सुमारे ३२ अंशांच्या वर टिकूच शकत नाही. उन्हाळ्यात झाकण घट्ट लावलेल्या बाटलीतही ते आपल्याच पाण्यात ओलं, चिकट होतं, आणि आपण म्हणतो ‘हवेतलं पाणी ओढलं’. हवेचा संबंधच नसतो.

चौथा आक्षेप: ‘होऊ शकतं’ आणि ‘होतं’ यातला फरक

इथवर मी समतोलाबद्दल बोललो. आता समतोलाचीही मर्यादा. आर्द्रता उंबरठ्याच्या खाली गेली म्हणजे क्षार लगेच फुलेल असं नाही. मायकेल फॅरडे यांनी फार पूर्वी नोंदवलं होतं की सोडियम कार्बोनेटसारख्या क्षारांचे चांगले, अखंड स्फटिक कोरड्या हवेतही स्वच्छ राहू शकतात. ओरखडा पडला की तिथूनच पांढरे व्हायला लागतात. कारण नव्या प्रावस्थेला जन्म घ्यायला जागा लागते, आणि ओरखडा ती जागा देतो.

उलट दिशेलाही असाच अडथळा आहे. उष्णता साठवण्यासाठी हायड्रेट वापरण्यावर सध्या बरंच काम चालू आहे: उन्हाळ्यात क्षार कोरडा करायचा, हिवाळ्यात त्याला बाष्प देऊन उष्णता परत मिळवायची. त्यात पोटॅशियम कार्बोनेट हा महत्त्वाचा उमेदवार आहे. आणि तिथे असं दिसलं की समतोलाच्या रेषेच्या लगत एक पट्टा असतो, जिथे ऊष्मागतिकी ‘हो’ म्हणते पण केंद्रक तयार होत नाही म्हणून प्रत्यक्षात काहीच घडत नाही. फक्त समतोलाच्या आकड्यांवर यंत्र बांधलं तर ते कागदावरच चालेल.

त्याहून चक्रावणारी गोष्ट म्हणजे स्मिथ-टॉपली परिणाम, १९३० च्या दशकातला. मँगनीज ऑक्झलेट डायहायड्रेटसारख्या क्षारांत आजूबाजूचं बाष्प वाढवत नेलं तर पाणी सुटण्याचा वेग आधी कमी होतो, मग चक्क वाढतो, आणि मग परत कमी होतो. ‘जितकी कोरडी हवा तितका जलद’ हे आपलं साधं गणित इथे मोडतं. तक्त्याला दोन शब्द पुरतात. खऱ्या क्षाराला पुरत नाहीत.

हे सगळं तुमच्या वजनकाट्यावर

‘बरं, पण मला काय त्याचं?’ असं वाटत असेल तर ही आकडेमोड करा.

मोरचुदाच्या पेंटाहायड्रेटचा रेणुभार २४९.७. तुमच्या नमुन्यातलं फक्त १० टक्के मोरचूद ट्रायहायड्रेट झालंय असं समजा. रंगावरून ते ओळखणं कठीण. सरासरी रेणुभार २४६.१ होतो आणि तुमचं द्रावण जवळपास १.५ टक्के जास्त तीव्र. अनुमापनात आपण ०.२ टक्क्यांवर भांडतो!

आता फॉस्फेट बफर. डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट बाजारात निर्जल, डायहायड्रेट, हेप्टाहायड्रेट आणि डोडेकाहायड्रेट अशा रूपांत मिळतं. रेणुभार अनुक्रमे १४२.०, १७८.०, २६८.१ आणि ३५८.१. डोडेकाहायड्रेट कोरड्या हवेत पाणी सोडत खाली येतं. लेबलवरचा ३५८.१ धरून वजन केलंत आणि बाटलीत डायहायड्रेट झालेलं असेल, तर फॉस्फेट दुप्पट पडलं. दुसरा घटक बरोबर असेल तर सामू साधारण ०.३ नं वर सरकतो, आयनिक तीव्रता वेगळीच. सामू तुम्ही मीटरवर बघून दुरुस्त कराल; तीव्रता कोण दुरुस्त करणार? एन्झाइमचा वेग बदललेला दिसेल आणि तुम्ही त्याचं कारण एन्झाइममध्ये शोधत बसाल. पुढे तुमचा पेपर वाचून कुणी ज्युनियर तेच करायला जाईल आणि त्याचे आकडे जुळणार नाहीत. त्याचे महिने वाया जातील, आणि कारण त्याच्या हातात नसेल, तुमच्या मेथड्सच्या एका अर्धवट वाक्यात असेल.

म्हणून माझी खरी टीका पाठ्यपुस्तकापेक्षा शोधनिबंधांवर आहे. पाठ्यपुस्तकाला एक सबब आहे: दहावी-बारावीच्या मुलाला दोन शब्द आणि चार उदाहरणं देऊन कुतूहल जागवायचं असतं. निळं मोरचूद तापवून पांढरं होताना बघणं आणि पाण्याच्या थेंबानं परत निळं होताना बघणं, याला तोड नाही. तिथे आर्द्रतेचे आलेख आणणं अन्याय होईल. पण ‘कॉपर सल्फेटचं ०.१ मोलर द्रावण तयार केलं’ आणि ‘नमुना कक्ष तापमानाला वाळवला’ अशी वाक्यं लिहिणाऱ्या संशोधकाला ती सबब नाही. कुठला हायड्रेट? किती अंश? किती आर्द्रता? किती वेळ? ही चार उत्तरं द्यायला एक ओळ पुरते.

दोन सवयींबद्दल वेगळं बोलायला हवं.

एक, डेसिकेटर. ‘चांगलं ठेवायचं म्हणजे डेसिकेटरमध्ये’ हा लॅबमधला जवळजवळ धार्मिक नियम आहे. निर्जल पदार्थासाठी तो योग्यच. पण हायड्रेटला चांगल्या शोषकावर ठेवणं म्हणजे त्याचं पाणी काढायची सोय करणं. ऑक्झॅलिक आम्लाचं डायहायड्रेट तुम्ही प्रमाण पदार्थ म्हणून वापरता; ते तीव्र सल्फ्युरिक आम्लावर ठेवाल तर त्याचं प्रमाणपण तुम्हीच घालवाल. हायड्रेटला कोरडेपणा नको, *त्याच्या पट्ट्यातली* आर्द्रता हवी. मोरचुदासाठी मॅग्नेशियम नायट्रेटचं संपृक्त द्रावण (२५ अंशांना ५३ टक्के) डेसिकेटरच्या तळाशी ठेवलं तरी काम होतं. खर्च नगण्य.

दोन, टीजीए. आलेखात ३३ टक्के वजन घटलं, गणित केलं, ४.३६ रेणू पाणी आलं, आणि थीसिसमध्ये ‘४.४-हायड्रेट’ असं सूत्र छापलं. असं संयुग अस्तित्वात आहे का? बहुतेक ते ६८ टक्के पेंटा आणि ३२ टक्के ट्राय यांचं मिश्रण आहे. किंवा तापवायला सुरुवात होण्याआधीच कोरड्या नायट्रोजनच्या झोतात थोडं पाणी उडून गेलं आणि यंत्रानं सुरुवातीचं वजनच कमी धरलं. वजन फक्त सरासरी सांगतं. प्रावस्था कुठल्या आहेत हे क्ष-किरण विवर्तन सांगतं. हो, काही पदार्थांत पाणी खरोखरच अपूर्णांकात, आर्द्रतेबरोबर सलग बदलतं. सोडियम क्रोमोग्लायकेट हे औषध त्याचं प्रसिद्ध उदाहरण. पण ते सिद्ध करावं लागतं, गृहीत धरता येत नाही. तसंच ‘या क्षाराचं पाणी अमुक अंशाला जातं’ हे वाक्य तापवण्याचा वेग, वायूचा झोत, नमुन्याचं वजन आणि झाकण होतं की नाही हे सांगितल्याशिवाय लिहू नका. तो आकडा क्षार आणि यंत्र दोघांचा मिळून असतो.

मग करायचं काय?

नवीन लॅबमध्ये गेलात की ही कामं पहिल्या आठवड्यात करा:

१. तुम्ही वापरणार त्या प्रत्येक क्षाराच्या बाटलीवर हायड्रेटचा आकडा आणि रेणुभार वाचा. वहीत नुसतं नाव लिहू नका, आकड्यासकट लिहा.

२. बाटली पहिल्यांदा उघडल्याची तारीख झाकणावर टाका.

३. लॅबमध्ये एक साधा आर्द्रतामापक ठेवा आणि रोज तापमान-आर्द्रता नोंदवा. पावसाळा आणि उन्हाळा मिळून एक वर्षाची नोंद झाली की तुमच्या लॅबची ‘हवा’ म्हणजे काय हे तुम्हाला कळेल.

४. तीव्रता महत्त्वाची असेल तर वजनावर विसंबू नका, द्रावणाचं प्रमाणीकरण करा. हिराकसऐवजी मोर सॉल्ट का वापरतात, हेही एकदा या नजरेनं बघा.

५. निबंध वाचताना मेथड्समध्ये हायड्रेट, तापमान, आर्द्रता आणि वेळ या चारांवर पेन्सिलीनं खूण करा. किती खुणा राहतात ते बघून त्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा ते ठरवा.

आणि पीएचडीच्या मुलाखतीत कुणी विचारलंच की ‘मोरचूद उत्फुल्लनशील आहे का?’, तर हो किंवा नाही म्हणू नका. ‘सर, २५ अंशांना ३३ टक्क्यांखाली ते पाणी सोडू शकतं, पण किती वेगानं ते स्फटिकाच्या पृष्ठभागावर अवलंबून आहे,’ असं सांगा. समोरचे पुढचा प्रश्न विचारतील. तो बहुधा प्रावस्था नियमावरचा असेल, तेव्हा तेवढं आज रात्रीच एकदा वाचून ठेवा.